बिनक्लचची गाडी आन् रामरावजी

आधी रामरावजीचं नाव लिहा ताई, मायं मंग लिहा. सेवाग्रामच्या पलीकडं त्यायचं गाव, घरी भाजीपाल्याचं वावर, आन् सारी उमर गेली बसच्या स्टेअरिंगवर. तुमी विचारून राह्यल्या का नव्या गाड्या आल्या त्या ड्रायव्हर लोकायले कशा वाटतात, तं सांगतो, सारं सांगतो, पर हे सांगाले मी आज त्या गाडीच्या सीटवर हावो तो त्या माणसापायी हावो, नाई तं मी कवाच बोचकं बांधून गावाकडं गेलो असतो. म्हणून त्यायचं नाव पहिले.

मायं नाव भास्कर. गाव बुलढाण्याकडलं, मेहकरच्या बाजूचं. इथून सकाळी निघालेला माणूस गाड्या बदलत बदलत दिवस बुडता बुडता पोचते, एवढं दूर. सातवीत होतो तवा शाळा सोडली, कोणी सोडवली नाई, मीच सोडली, काऊन का मले गाड्यायचा नाद. रस्त्यानं ट्रक गेला का मी वर्गात बसून आवाजावरून सांगाचो का हा कोणाचा हाये आन् रिकामा हाये का भरलेला हाये. गुरुजी म्हणत, भास्करा, तुये कान रस्त्यावर, डोळे छपरावर, पुस्तकावर तं तुयं काईच नाई. बाप गवंडीकाम करे, तो म्हणे जा बावा, जे जमते ते कर. तं मी ट्रकवर गेलो, पहिले धुवाले-पुसाले, मंग चालवाले, असं करत करत लायसन निघालं. पर एक सांगतो, मी मुळातच घाबरट माणूस हावो. हसू नोका. गाडी चालवाले नाई घाबरत, गाडीतून उतरलो का घाबरतो. मालक उद्या काय म्हणन, खोलीवाला खाली करा म्हणन का, पोरीले ताप आला तं परक्या गावात आपलं कोण हाये. मायी बायको म्हणते तुमी स्टेअरिंगवर वाघ आन् खाटेवर ससा.

कारंज्याले, म्हणजे घाडग्याच्या कारंज्याले, हायवेवर एक धाबा हाये, तिथं रामरावजीची बस थांबे आन् माया ट्रकबी थांबे, तिथलीच आमची ओळख. तवा मायं लगन झालतं, पोरगी झालती, आन् ट्रकच्या पायात मी महिना महिना घरी जात नव्हतो. एकदा गेलो तं पोरगी मले पाहून रडाले लागली, तिले वाटलं कोण माणूस घरात घुसला. हे मी रामरावजीले जेवता जेवता सांगतलं, उगाचच, पोटातलं निघून गेलं. त्यायनं वरण-भात संपवला, हात धुतले, खांद्यावरच्या दुपट्ट्याले पुसले आन् म्हणे, आमच्या शेठले ड्रायव्हर पाहिजे, दिवसाची गाडी हाये, संध्याकाळी घरी, येतो का. म्हटलं, जी मी इथला नाई, मले कोण ठेवन. म्हणे, ठेवतीन, चाल. शेठपुढं नेऊन उभं केलं आन् सांगतलं का हा मायाकडचा माणूस हाये. मी त्यायच्याकडचा कुठून, ताई, दोन-चार खेपा एका बाकड्यावर जेवलो एवढंच, पर ते म्हणाले आन् शेठनं ठेवलं. रामरावजीच्या बायकोनंच, आमी काकू म्हणतो, आमाले खोली पाहून देल्ली, पहिल्या दिवशी सांभार, म्हणजे कोथिंबीर, आन् वांगे आणून देल्ले, म्हणे बाई चूल थंडी नोको ठेवू. तवापासून मी वर्ध्यात. आता पोरगी बारावीले हाये, तिले सावंगीले नर्सिंग करायचं हाये, आन् आमाले मागं जायचं नाई.

आमच्या शेठच्या गाड्या कारंज्यावरून निघतात, आर्वी, खरांगणा, वर्धा आन् शेवटी सावंगीचा मोठा दवाखाना. निम्मे लोक दवाखान्याचे. कोणाची तपासणी, कोणाची सोनोग्राफी, कोणी डबा घेऊन जाते, आन् शिकणारे पोट्टे-पोट्ट्या. उरलेले भाजीवाले, त्यायचे गठ्ठे टपावर. टप म्हणजे गाडीचं डोकं, छतावरचं कॅरिअर, मागून शिडी लावलेली. जुनी गाडी कशी, तं इंजिन ड्रायव्हरच्या बाजूलेच. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन वरून आन् इंजिन खालून, मांडी अशी भाजते का घरी गेल्यावर बायको विचारे काऊन लंगडता. पर इंजिन जवळ असल्याचा एक फायदाबी हाये. ते बोलते. चढावर त्याचा आवाज बसला का आपला हात आपोआप गिअरवर जाते, डोक्याले सांगा लागत नाई. डावा पाय क्लचवर, हात गिअरवर, उजवा पाय खेळत राह्यते, तिघं आपसात समजून घेतात, आपण समोरचा रस्ता पाह्यचा.

मंग शेठनं दोन नव्या गाड्या आणल्या. काय सांगू तुमाले, यार्डात आल्या तं आमी सारे ड्रायव्हर नवरी पाहाले उभे राह्यतात तसे उभे. काच केवढी, माणूस आडवा झोपन एवढी. दार बटनावर. सीट हवेवर, बसलं का फुस्स करून आपल्या वजनाची होते. इंजिन गेलं पार मागं. एसी. आन् गिअर नाई, क्लच नाई. खाली दोनच पायडल, एक रेसचं, एक ब्रेकचं, ब्रेकचं चांगलं रुंद. विलास म्हणून आमच्यात एक हाये, वयानं लहान, जिभेनं मोठा, तो म्हणे, अबे, ही गाडी हाये का शिलाई मशीन. आन् मंग त्यानं सीटवर बसून बाजूची काच उघडून पाह्यली, ती एवढीशी सरकते, हात निघन बस. तं केवढ्यानं ओरडला, शेठ, खर्रा खाऊन थुंकाचं कुठं. शेठ म्हणे, गिळजो.

शेठ स्वतः ड्रायव्हर होते कवाकाळी. त्यायची एक पद्धत हाये, नवी गाडी घ्यायच्या आधी साऱ्या ड्रायव्हरायले बोलावतात आन् एकेकाले विचारतात, जो सर्वात शेवटी कामाले लागला तो पहिले बोलन, जुना माणूस शेवटी बोलन. म्हणतात का जुना पहिले बोलला तं बाकीचे नुसती मान हलवतात. तं शेठ म्हणे, दोन आणल्या, अजून तीन घ्यायच्या का नाई ते तुमी चालवून सांगा. आन् जुन्या मी काढून टाकीन. ज्याले नवी जमली तो राहीन, ज्याले नाई जमली त्याले मायाकडं दुसरं काम नाई. रागानं नाई म्हणाले, सरळ म्हणाले.

पहिल्या दिवशी सारे आत बसले, शेठ पहिल्या सीटवर, हातात चहाचा कप, आन् म्हणे भास्करा, घे. मी घेतली. आर्वी रोडले लागलो. गाडी अशी निघाली का पाण्यावर चालते का काय. मी खूश. पुढं एक गाय आली, मी गिअर खाली घ्यायले गेलो तसा माया डावा पाय गेला क्लच दाबाले, पुरा दाबला, आन् तिथं क्लच नाई ना ताई, तिथं ब्रेक. असा ब्रेक लागला का विलासचं कपाळ समोरच्या दांडीवर, शेठचा चहा शेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर, आन् गाय उभी राहून आमाले पाहून राह्यली. मी म्हटलं सॉरी शेठ. पुन्हा निघालो. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा तेच. विलास म्हणे, बुलढाण्याची ब्रेक मारायची पद्धत लय जोरदार हाये बावा. सारे हसले. शेठ नाई हसले. आठ दिवस देतो, म्हणे.

हे बाकी लोकायले समजत नाई. गाडी सोपी झाली म्हणतात, क्लच गेला म्हणजे काम कमी झालं. काम कमी झालं, पर पाय कुठं कमी झाला. त्याले एवढ्या वर्षाची सवय, त्याले कोण सांगन का तू आता घरी बस. घाबरलो का तोच पहिले धावते. आन् मी घाबरतो केवढा ते सांगतलंच तुमाले.

घरी काई सांगतलं नाई.  दुसऱ्या दिवशी दुपारी फेरीच्या मधात यार्डात बसलो होतो तं रामरावजी आले, म्हणे ऊठ, चाल, शेठले विचारलं मी. नव्या गाडीत मले बसवलं. म्हणे, डावी चप्पल काढ. काढली. म्हणे, उजवी राहू दे. आता ज्या पायाले चप्पल नाई तो पाय उघडा हाये, त्याले खालचा पत्रा थंडगार लागन, त्याले समजन का आपल्याले काम नाई. मंग त्यायनं आपला दुपट्टा काढला आन् माया डाव्या मांडीले बांधून मागं सीटच्या पायाले गाठ मारली, ढिल्ली, आन् खाली माया बाजूले उकिडवे बसले. सारं यार्ड रिकामं, आमी हळूहळू गोल फिरून राह्यलो. मधातच ते ओरडत, अबे म्हैस आली, आन् माया पाय धावला का दुपट्टा ताणला जाये, आन् ते गुडघ्यावर हात ठेवून म्हणत, झोपव त्याले, झोपव. जसं लेकरू हाये. विलास भिंतीवरून पाहून म्हणे, रामरावजी, बैल दावणीले बांधला काय. ते म्हणे, हाव, तुलेबी बांधीन, थांब.

रोज दुपारी. जेवणाचा डबा गाडीतच खात होतो. चाकाचंबी त्यायनंच लक्षात आणून देल्लं. नव्या गाडीत ड्रायव्हर चाकाच्या पुढं बसते, चाक आपल्या मागं, तं वळणावर आपण पुढं निघून गेल्यावर स्टेअरिंग फिरवाचं, नाई तं मागचं अंग चढते डिव्हायडरवर. मले वाटे का यायले एवढं समजते म्हणजे यायची गाडी तं पक्की. चौथ्या का पाचव्या दिवशी दुपट्टा सोडला आन् मी न चुकता फेरी मारली. म्हटलं, रामरावजी, आता तुमी बसा. ते म्हणे, नाई. म्हटलं, बसा नं. तं म्हणे, मी बसलो होतो भास्करा, पहिल्याच दिवशी, तुमी जेवाले गेलते तवा. मी पाच वेळा बसलो. माया पाय ऐकत नाई. आन् आता ऐकणारबी नाई, याच्यात माणसं बसतीन, दवाखान्याले जाणारे, टाके असलेले. माया पायाच्या भरवशावर मी त्यायले नाई नेत.

 मले शिकवून राह्यले तवा त्यायले माहीत होतं का याले जमली तं गाडी पास होते, आन् गाडी पास झाली तं आपण जातो.

मंग शेठ आमाले विचारणार होते त्याच्या आदल्या दिवशी विलासनं टपरीवर साऱ्यायले जमवलं, रामरावजी फेरीवर होते. म्हणे, ऐका बे, उद्या साऱ्यायनं एकच सांगाचं, गाडी बेकार हाये. कोणी म्हणा डुलते, कोणी म्हणा तापते, मी म्हणतो ब्रेक बरोबर लागत नाई. शेठ तीन घेणार नाई, जुन्या राहतीन, सारे राहतीन, रामरावजीबी राहतीन. मले म्हणे, बुलढाण्या, तुयासाठी रामरावजीनं काय केलं ते साऱ्यायले माहीत हाये, तू सरळ राह्यजो. मी हाव म्हटलं. चूक काय होतं त्यात, तुमीच सांगा.

घरी बायकोले सांगतलं. तिनं विचारलं, गाडी चांगली हाये का वाईट. म्हटलं, चांगली हाये, मायी कंबर दुखणं बंद झालं, आवाज नाई, उन्हाचं डोकं धरत नाई, म्हाताऱ्या माणसाले चढाले पायरी खाली येते. ती म्हणे, मंग. म्हटलं, मंग रामरावजी. तिनं पोळी करता करता हात थांबवला आन् पुन्हा लाटाले लागली.

दुसऱ्या दिवशी यार्डात शेठ खुर्चीवर, आमी उभे. विलास सर्वात नवा, म्हणून पहिला. छाती काढून म्हणे, शेठ, ब्रेक बरोबर नाई. शेठनं नुसतं पाह्यलं त्याच्याकडं. ड्रायव्हर माणूस ब्रेकचं खोटं बोलते तवा त्याच्या तोंडाकडं पाहाले नाई होत, विलासनंबी मान खाली घातली. मायाहून नवे होते त्यायनं डुलते, तापते म्हटलं, आन् मंग मायी पाळी. खरं सांगू तं रामरावजीचं काम जाते, खोटं सांगू तं ज्या गाडीसाठी त्यायनं रोज दुपारी उकिडवं बसून मले शिकवलं तिले वाईट म्हणा लागते. शेठ म्हणे, बोल नं.

तं मागून रामरावजी. शेठ, याले नोका विचारू, मले विचारा. शेठ म्हणे, तुमी शेवटी. म्हणे, आज पहिले. आन् पुढं आले. शेठ, गाडी चांगली हाये. ब्रेक तं एवढा चांगला हाये का माया पायाले समजत नाई, म्हणून ब्रेक वाईट होत नाई. मले ही गाडी जमत नाई, जमणार नाई. या भास्कराले जमली, तशी यायलेबी जमन, शिकवलं तं. या पोट्ट्यायनं काल काय ठरवलं ते मले टपरीवाल्यानं सांगतलं. मायासाठी ठरवलं, मले बरं वाटलं. पर मायं नाव घेऊन गाडीले खोटं लावू नोका.

 शेठ मायाकडं वळले. मंग म्हणे, भास्करा, आता तू सांग. आन् कुठून आलं ते माहीत नाई ताई, मी बोललो. म्हटलं, शेठ, गाडी चांगली हाये, रामरावजी म्हणतात तशीच. पर तिले टप नाई. मागं डिक्की हाये ती इंजिनजवळ, परवा खरांगण्यावरून मेथीचा गठ्ठा ठेवला तं वर्ध्याले येता येता चटणी झाली, बाई मले शिव्या देत उतरली. भाजीवाले कुठं जातीन. समोरच्या काचेवर दुपारी ऊन येते त्याले पडदा पाहिजे. आन् इंजिन मागं असल्यानं काईच ऐकू येत नाई, बिघडलं तं पहिले मागच्या सीटवाल्याले समजन, आपल्याले नाई. एक जुनी राहू द्या, शेठ. टपाची. निम्मं मी भाजीवाल्यायसाठी बोललो, निम्मं कोणासाठी ते शेठले समजलंच असन.

शेठनं त्या दिवशी काई सांगतलं नाई. पंधरा-वीस दिवस मी रोज वाट पाह्यली. मंग गाड्या आल्या, तीन नाई, दोन. पडदे शिवून लावलेले. आन् एक जुनी राह्यली, भाजीची फेरी म्हणून, सकाळी खरांगणा ते वर्धा. शेठ म्हणे, जोवर आरटीओत तिचं पासिंग होते तोवर चालवीन, मंग पाहू. तिच्यावर रामरावजी. विलास महिनाभर मायाशी बोलला नाई. मंग स्वतःच आला, डावी चप्पल हातात घेऊन, म्हणे, दुपट्टा आण बे. आता तोच नव्या माणसायले शिकवते आन् सांगते का ही युक्ती त्यानंच काढली. 

आता बरं हाये. पाठ चांगली, संध्याकाळी घरी, खोलीवाल्यानं खाली करा म्हटलं नाई. पोरगी त्याच गाडीत सावंगीले जाऊन कॉलेज पाहून आली, मैत्रिणीले म्हणे हे माये बाबा, आन् मी आरशात पाहून न पाह्यल्यासारखं केलं. भीती गेली नाई, ती मायासंगच राहीन, पर आता ती मागच्या सीटवर बसते, ओरडत नाई. नवी गाडी चांगली का वाईट, तं ताई, चांगली हाये, असं लिहा. जो सांगन का वाईट हाये त्याले विचारा का तुया पाय झोपला का नाई.

जुन्या गाडीचं पासिंग फार दिवस होणार नाई. रामरावजीले माहीत हाये, ते म्हणतात, मंग मी वावरात, आन् काकू म्हणते, बरं होईन, घरचा माणूस उजेडात पाहाले भेटन. आमच्या इथं रिवाज हाये, ड्रायव्हर शेवटच्या फेरीवरून उतरला का बाकीचे त्याले हार-गुलाल लावून गाडीतच घरी पोचवून देतात. तं त्या दिवशी ती गाडी मी चालवीन, हे मी शेठले आत्ताच सांगून ठेवलं हाये. रामरावजीनं मायासाठी जे केलं ते मले कवा तरी फेडायचं हाये, ताई, तुमी लिहून ठेवा, त्या दिवशी मी त्यायले आन् काकूले पहिल्या सीटवर बसवीन आन् त्यायच्या गावाच्या फाट्यावर नाई, थेट दारात उतरवीन. गल्ली लय अरुंद हाये, एवढी लांब गाडी वळत नाई तिथं. मागं मागं काढा लागन पुऱ्या गावातून, काढीन.